काळ्या मातीतले चाक : तोफगाड्यापासून लष्करी टायरपर्यंत

धागा | खानदेश, रस्ते आणि लष्करी वाहने

१/२१
धुळ्यात दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात : मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर. येथून जाणाऱ्या मालमोटारींच्या मागच्या चाकांकडे पाहिले, तर प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर जोडीने बसवलेले दिसतात. रस्ता सोडून चालण्यासाठी बनवलेल्या लष्करी ट्रकला मात्र बहुधा मागेही प्रत्येक बाजूस एकच टायर असतो. पुढच्याच मापाचा, उंच, रुंद आणि खोल खाचांचा. इतके वजन वाहायचे असताना लष्कर टायरांची संख्या कमी का करते? या साध्या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात काळ्या मातीपासून करावी लागते.

२/२१
तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीचे खोल थर आहेत. या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात आणि सुकताना आकसतात. म्हणून वैशाखात शेताला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, आणि आषाढात तीच जमीन पायाला, नांगराला, चाकाला चिकटून बसते. ओल धरून ठेवण्याच्या याच गुणामुळे खानदेश कापसाचा प्रदेश झाला. पिकाला जे वरदान ठरले, तेच चाकाला संकट ठरले.

३/२१
चाक किती रुतेल, हे दोन गोष्टींवर ठरते : त्यावर भार किती आहे आणि तो किती क्षेत्रावर पसरला आहे. हवेच्या टायरसाठी एक ढोबळ नियम आहे. टायरमधील हवेचा दाब जेवढा, साधारण तेवढाच दाब जमिनीवर पडतो. समजा, एका चाकावर ३,००० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब आहे. मग जमिनीला टेकलेला भाग सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर असेल. हवा निम्मी केली, तर टायर पसरून तो भाग १,२०० च्या आसपास जाईल. भार तोच राहतो. मातीला तो निम्मा जाणवतो.

४/२१
लोखंडी धावेच्या चाकाला ही सोय नव्हती. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने ऑगस्टमध्ये अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) किल्ला घेतला आणि भर पावसाळ्यात दख्खनमधून कूच केले. त्याच्या तोफा बैल ओढत होते. २३ सप्टेंबरला अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस असईला लढाई झाली. मराठ्यांच्या तोफखान्याच्या माऱ्यात त्याचे तोफांचे बैल कोसळले आणि इंग्रजांना आपल्या बहुतेक तोफा मागे टाकून पायदळ पुढे न्यावे लागले. चाके शाबूत होती, ओढणारे उरले नव्हते. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनने खानदेशची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर आणि मग अशीरगड ताब्यात घेतला.

५/२१
पंधरा वर्षांनी युद्ध थेट खानदेशात आले. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्याने तापीकाठचे थाळनेर घेतले. मे महिन्यात मालेगावच्या किल्ल्याला वेढा पडला. मालेगाव तेव्हा खानदेशातच मोजले जाई. आतल्या अरब शिबंदीने सुमारे महिनाभर झुंज दिली. अहमदनगरहून अवजड तोफा येऊन पोहोचल्यावर किल्ल्यातील दारूकोठार उडाले आणि जूनच्या मध्यात किल्ला पडला. किल्ल्यांचा इतिहास सांगताना तट, बुरूज आणि शौर्य यांची चर्चा होते. पण वेढा किती दिवस लांबेल हे अनेकदा तोफगाड्याचे चाक वाटेत किती रुतते यावर ठरत असे.

६/२१
शेतकऱ्याचे चाक याहून मागे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या काही भागांत दगडाची किंवा भरीव लाकडाची चाके असलेले अवजड गाडे वापरात होते. १८३० च्या दशकात महसुली मोजणीच्या कामावर असलेला लष्करी अधिकारी लेफ्टनंट गेसफर्ड याने हलक्या, आऱ्यांच्या चाकांची सुधारित गाडी तयार केली आणि सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे तिचा कारखाना सुरू झाला. लष्कराच्या माणसाने शेतकऱ्याचे चाक बदलावे, हा योगायोग नव्हता. माल बाजारात पोहोचला तरच सारा वसूल होतो, हे मोजणी खात्याला पक्के ठाऊक होते.

७/२१
आऱ्यांच्या चाकाला लोखंडी धाव बसवणे हे गावच्या सुताराचे आणि लोहाराचे मिळून काम असे. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि बाहेरचा लाकडी घेर सुतार करी. धावेचा घेर लाकडी घेरापेक्षा किंचित लहान ठेवला जाई. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल झाली की ती प्रसरण पावे. मग चिमट्यांनी उचलून ती चाकावर ठोकायची आणि तत्काळ पाणी ओतायचे. आकसताना ती सारे आरे आवळून धरी. चाकावर घेर चढवणे म्हणजे ताण कोंडून ठेवणे, हे तत्त्व पुढे रबरी टायरच्या काळातही कायम राहिले. त्याची किंमत मात्र बदलली.

८/२१
धुळ्यावरून शिरपूरकडे जाणारा आणि सावळद्याजवळ तापी ओलांडणारा मुंबई-आग्रा रस्ता एकोणिसाव्या शतकात महत्त्वाचा झाला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे दिवस आले. गाड्या वाढल्या, त्यांच्यावरचा माल वाढला. अरुंद लोखंडी धाव कठीण रस्त्यावर हलकी धावते, पण मऊ वाटेत सुरीसारखी घुसते. एकीच्या मागे एक गाडी त्याच खाचेतून जाई आणि खाच खोल होई. मराठीतील ‘चाकोरी’ हा शब्द येथूनच आला. आज तो कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरला जातो. गाडीवानाच्या दृष्टीने मात्र चाकोरी म्हणजे आधीच दाबलेली, त्यातल्या त्यात पक्की जमीन होती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

९/२१
हवेच्या टायरची कल्पना स्कॉटिश रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४० च्या दशकातच मांडली होती, पण ती विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप याने तिला नवा जन्म दिला, तोही मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. सायकल आणि मोटारगाडी यांनी ती लगेच उचलली. अवजड ट्रकाचा भार पेलेल असा हवेचा टायर बनवणे मात्र कठीण होते. म्हणून पहिल्या महायुद्धातील बहुतेक लष्करी ट्रक भरीव रबराच्या चाकांवर धावले. पंक्चरची भीती नाही, हा त्यांचा गुण. चिखलात लोखंडी धावेपेक्षा फारसे बरे नाहीत, हा दोष.

१०/२१
या दोषाचे चटके मराठी सैनिकांनी मेसोपोटेमियात सोसले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कुत येथे अडकली. तैग्रिसच्या पुराने आणि चिखलाने वेढलेल्या प्रदेशात सुटकेसाठी निघालेल्या फौजांना नदीवरील अपुऱ्या बोटींवर विसंबावे लागले. जमिनीवरची वाहतूक तर अगदीच तोकडी होती. २९ एप्रिल १९१६ रोजी कुतची शिबंदी उपासमारीने शरण गेली. या मोहिमेत पुढे हवेच्या टायरांच्या हलक्या फोर्ड गाड्या मोठ्या प्रमाणावर आणल्या गेल्या. वाहतूक हा युद्धाचा दुय्यम विभाग नाही, हा धडा असा महागात मिळाला.

११/२१
दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील फोर्ड आणि शेवरोले कारखान्यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी आखूड नाकाचे लाखो ट्रक बनवले. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या या ट्रकांच्या मागच्या आसाला प्रत्येक बाजूस एकच रुंद टायर होता. कारण पुन्हा चाकोरीचेच. पुढचे चाक माती दाबून वाट तयार करते. मागचे चाक त्याच मापाचे आणि त्याच रेषेत असेल, तर ते तयार वाटेतून जाते. मागे जोडटायर असले, तर त्यांना ताजी माती नव्याने कापावी लागते आणि इंजिनाची शक्ती वाया जाते. शिवाय दोन टायरांच्या फटीत दगड अडकतो, चिखल भरतो.

१२/२१
याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेचा आहे. अमेरिकी सैन्याचा अडीच टनी जीएमसी ट्रक मागे जोडटायर घेऊन धावे. बऱ्यावाईट रस्त्यांवर माल वाहण्यासाठी ते पुरेसे होते. त्याच ट्रकाच्या सांगाड्यावर पाण्यातून किनाऱ्यावर चढणारे ‘डक’ हे वाहन उभारले गेले, तेव्हा अभियंत्यांनी जोडटायर काढून ११.०० – १८ मापाचे एकेरी टायर बसवले. चालकाला बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमी-जास्त करण्याची सोयही दिली. वाळूत हवा कमी, रस्त्यावर पुन्हा जास्त. अशी २१,००० हून अधिक वाहने बनली आणि सिसिली, नॉर्मंडीच्या किनाऱ्यांवर वापरली गेली. वाहनाचे मूळ एकच. जमीन बदलली म्हणून टायर बदलला.

१३/२१
हवा कमी करण्याची विद्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पक्की झाली. तेथील लांब पल्ल्याच्या टेहळणी तुकड्या रुंद टायर वापरत, मऊ वाळूत हवा सोडत आणि चाक रुतलेच तर त्याखाली छिद्रांच्या लोखंडी पट्ट्या सरकवत. भारतीय सैन्याची इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही त्या मोहिमांत होती. या विद्येला एक मर्यादा आहे. कमी हवेचा टायर वेगाने चालवला, तर त्याच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि आतले धागे तुटतात. म्हणून कठीण रस्ता लागताच थांबून पुन्हा हवा भरणे, ही शिस्तही त्या विद्येचाच भाग होती.

१४/२१
फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि मार्चपर्यंत डच ईस्ट इंडीजही जपानच्या हाती गेले. जगातील नैसर्गिक रबराचा फार मोठा भाग एका फटक्यात दोस्तांच्या हातून निसटला. भारतात १९३६ पासून बंगालमधील साहागंज येथे डनलपचा कारखाना होता. पण युद्धकाळात टायर आधी लष्कराला, मग उरलेच तर नागरिकांना, असा क्रम लागला. पेट्रोलही दुर्मीळ झाल्याने कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या रस्त्यावर आल्या. टायर ही सहज बदलण्याची वस्तू राहिली नाही. तो शिवून, ठिगळ लावून, झिजेपर्यंत वापरायचा ऐवज झाला.

१५/२१
मग लष्करी ट्रकासाठी टायर निवडायचा कसा? टायरच्या बाजूवरचे आकडे हीच त्याची जन्मपत्रिका असते. ‘१०.०० – २०’ म्हणजे टायरची रुंदी सुमारे १० इंच आणि आतल्या रिमचा व्यास २० इंच. दोन आकड्यांमध्ये ‘आर’ असेल, तर टायर रेडियल. १०.०० – २० हा भारतीय मालमोटारींचा दीर्घकाळ परिचित टायर. उंची सुमारे १.०५ मीटर. मोठ्या लष्करी ट्रकांचा १४.०० आर २० हा सव्वा मीटर उंच भरतो. दोघांचा रिम-व्यास २० इंचच असला, तरी मोठ्या टायरला रुंद रिम लागतो. फक्त व्यास जुळला म्हणून टायर बसतो, हा समज धोक्याचा आहे.

१६/२१
मोठा टायर फुकट काही देत नाही. १.०५ मीटरचा टायर एका फेऱ्यात सुमारे ३.३ मीटर जातो, सव्वा मीटरचा ३.९ मीटर. म्हणजे जणू गाडीचा प्रत्येक गिअर वर सरकतो : चढावर इंजिन दमते, ब्रेकवर ताण वाढतो, आणि वेगमापक ४० दाखवत असताना गाडी सुमारे ४८ च्या वेगाने धावते. टायर वळताना चासीला किंवा मडगार्डला घासतो का, हेही पाहावे लागते. खोल, मोकळ्या खाचा चिखल झटकून टाकतात. पण डांबरी रस्त्यावर त्याच खाचा आवाज करतात आणि लवकर झिजतात. निवडीचा खरा प्रश्न एकच : गाडीचे बहुतेक आयुष्य कोणत्या जमिनीवर जाणार आहे?

१७/२१
निवडीपेक्षा बसवणे अधिक जोखमीचे. जुन्या अवजड चाकात रिम, त्यावरची बाजूची रिंग आणि तिला अडकवणारी लॉक रिंग असे सुटे भाग असतात. आत ट्यूब, आणि ट्यूबला रिमचा घास लागू नये म्हणून फ्लॅप. बसवण्यापूर्वी रिमचा गंज खरवडायचा, वाकलेली किंवा तडा गेलेली रिंग बाद करायची, एका मापाची रिंग दुसऱ्या रिमवर कधीही चढवायची नाही. ट्यूबवर शंखजिऱ्याची पूड टाकायची, म्हणजे ती आत चिकटत वा मुडपत नाही. टायर चढवण्यासाठी साबणाचे पाणी चालते. ग्रीस किंवा पेट्रोल चालत नाही. मग थोडी हवा भरून रिंग सर्व बाजूंनी बसली का पाहायचे, आणि त्यानंतरच पुढची हवा.

१८/२१
लॉक रिंग नीट बसली नसेल आणि हवा पूर्ण भरली, तर रिंगवर अनेक टनांचा जोर येतो. ती सुटली की तोफगोळ्यासारखी उडते. समोर वाकलेला माणूस वाचत नाही. ब्रिटिश लष्कराच्या दोन भागांच्या रिमांमध्ये ते भाग जोडणारे नट लाल रंगवले जात. गाडीचे चाक काढताना लाल नटांना हात लावायचा नाही, आणि टायरमधली सारी हवा सोडल्याशिवाय तर मुळीच नाही. अमेरिकेने १९८० मध्ये अशा रिमांसाठी सुरक्षा नियम केले : टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी, माणसाने उडण्याच्या रेषेबाहेर उभे राहावे. लाल रंग असो वा पिंजरा, अशा नियमांमागे बहुधा कोणाचा तरी जीव गेलेला असतो. त्या माणसांची नावे मोहिमांच्या इतिहासात येत नाहीत.

१९/२१
महायुद्ध संपल्यावर शिल्लक लष्करी वाहने विक्रीस निघाली आणि नागरी वाहतुकीत आली. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५९ च्या सुमारास जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारतीय फौजेचा भार त्याने वाहिला. लष्करी सेवेतून आलेल्या चालकांनी आणि फिटरांनी टामी, पाना आणि हवेचा अंदाज यांचे ज्ञान नागरी जीवनात आणले. महामार्गावरचा पंक्चरवाला याच परंपरेचा वारस आहे, आणि लॉक रिंगचा धोकाही त्याच्या वाट्याला तसाच आला. पिंजरा मात्र प्रत्येक दुकानात आला नाही.

२०/२१
रबरी टायर शेवटी बैलगाडीलाही लागला. डनलपच्या नावावरूनच अशा गाडीला अनेक गावांत ‘डनलप गाडी’ म्हणू लागले. ती मऊ वाटेत हलकी ओढली जाते आणि रस्ता कापत नाही. पण ओढणे सोपे झाले, म्हणून गाडीत जास्त माल भरला जाऊ लागला. जोखडाखालच्या मानेला सूट मिळाली असे म्हणता येत नाही. गोवऱ्यांच्या जाळातली धाव थंडावली आणि सुतार-लोहारांचे एक कसब गावोगाव संपत आले. पुढे ट्रॅक्टर आला. आज रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून पावसाळ्यात घड रस्त्यावर आणायचे, तर रुंद खाचांच्या टायरांचा ट्रॅक्टरच शेतात शिरतो.

२१/२१
या साऱ्या प्रवासात भार नाहीसा झाला नाही. तो फक्त सरकत गेला. असईला तो बैलांनी वाहिला. लोखंडी धावेच्या काळात तो रस्त्यावर उतरला. रबर आल्यावर तो कोंडलेल्या हवेत गेला आणि हवा भरणाऱ्याच्या जिवावर आला. आता अवजड यंत्रांच्या टायरांखाली तो काळ्या मातीतच शिरतो आहे : ओल्या शेतात पुन्हा पुन्हा चाके फिरली की खालचा थर घट्ट होतो, पाणी मुरत नाही, मुळे खाली जात नाहीत. रुंद टायर, कमी हवा आणि ठरावीक चाकोरीतूनच यंत्र फिरवणे हे त्यावरचे उपाय, आणि ते लष्कराने चिखलात, वाळूत शिकलेल्या धड्यांपेक्षा वेगळे नाहीत. चाक बदलताना विचारायचा प्रश्नही तोच जुना आहे : यापुढे हा भार कोण वाहणार?

(धागा समाप्त. दगडी चाक, जुनी धाव, सुटलेला तुंबा किंवा लाल नटांचा लष्करी रिम गावात कुठे पडून असेल, तर भंगारात जाण्यापूर्वी त्याचे छायाचित्र आणि गावाचे नाव या धाग्याखाली जरूर नोंदवावे.)